वाढावा कोणाचा? लहान उद्योगाची वाढ आणि धर्माचा प्रश्न

पोटासाठी काम करावे, कुटुंब पोसावे आणि त्यासाठी शेती, पशुपालन किंवा व्यापार करावा, हे भारतीय परंपरेने गृहस्थाचे कर्तव्यच मानले असल्याने उपजीविकेला धर्माची मान्यता आहे की नाही, यावर फारसा वाद झालेला नाही. वाद सुरू होतो तो पोट भरल्यानंतर. ज्याचा चरितार्थ नीट चालला आहे अशा गृहस्थाने आणखी भांडवल उभे करावे, कर्ज काढावे, चार माणसे कामाला लावावीत आणि एका दुकानाची दोन दुकाने करावीत, या इच्छेला लोभ म्हणायचे की पुरुषार्थ, हा खरा प्रश्न आहे. खर्च वजा जाता उरणाऱ्या शिल्लक रकमेला हिशेबाच्या भाषेत वाढावा म्हणतात. उद्योगाच्या वाढीचा नैतिक प्रश्न हा अखेर या वाढाव्यावरील हक्काचा प्रश्न असतो, आणि ज्या परंपरांनी त्याचा गंभीर विचार केला त्यांपैकी अनेक परंपरा बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

बेळगाव तालुक्यातील कडोलीसारख्या गावात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. बेळगाव शहराच्या उत्तरेस असलेले हे मराठीभाषक गाव भाजीपाल्याच्या शेतीसाठी आणि दरवर्षी भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनासाठी परिचित आहे. भाजीपाला टिकत नाही, बाजारातील दर पिकवणाऱ्याच्या हाती नसतो आणि पिढीगणिक वाटण्या होऊन जमीन लहान होत जाते. त्यामुळे अशा गावांतील शेतकरी कुटुंबात कोणीतरी रोपवाटिका, दुधाचा धंदा, पिठाची गिरणी, मसाला-पापडाचा गृहउद्योग किंवा माल वाहून नेणारी गाडी असा जोडधंदा काढण्याचा विचार करते. त्यासाठी लागणारा पैसा घरातील दागिने गहाण ठेवून, शेत तारण देऊन, भिशीतून किंवा पतसंस्थेकडून उभा राहतो. धंदा बुडाला तर नुकसान एकट्या मालकाचे होत नाही; ज्यांनी तो निर्णय घेतला नाही त्या आईवडिलांचे, पत्नीचे, भावांचे आणि कर्जाला जामीन राहिलेल्या शेजाऱ्याचेही होते. म्हणून धंदा किती वाढवावा, हा व्यवहाराचा निर्णय असतानाच इतरांच्या आयुष्यावर आपला किती अधिकार आहे, याचाही निर्णय असतो.

प्राचीन शास्त्रकारांनी या विषयाला वार्ता असे नाव दिले होते. वार्ता म्हणजे कृषी, पशुपालन आणि वाणिज्य यांची विद्या. कौटिल्याने आन्वीक्षिकी, त्रयी आणि दंडनीती यांच्याबरोबर तिची गणना चार विद्यांत केली. त्याच्या अर्थशास्त्रात आणि पुढे याज्ञवल्क्य स्मृतीत नफ्याचे प्रमाणही घालून दिलेले आढळते: स्वदेशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १०. माल दुरून आणण्यात खर्च आणि जोखीम अधिक असल्याने दुप्पट दर मान्य केला गेला, म्हणजेच नफा हा जोखमीचा मोबदला असून त्याला मर्यादा हवी, ही दोन्ही तत्त्वे त्यात एकत्र आली. याच स्मृतीत संभूयसमुत्थान या नावाचे एक व्यवहारपद आहे. अनेकांनी भांडवल एकत्र करून चालवलेला धंदा असा त्याचा अर्थ असून, त्यातील नफा-तोटा प्रत्येकाने आपल्या हिश्शाच्या किंवा ठरलेल्या कराराच्या प्रमाणात वाटून घ्यावा, असा नियम दिला आहे. याज्ञवल्क्य स्मृतीवरील विज्ञानेश्वरांची मिताक्षरा ही प्रसिद्ध टीका चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कारकिर्दीत कल्याण येथे, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, लिहिली गेली. त्यामुळे हा विचार सीमाभागाला परका नाही.

मात्र या शास्त्रीय भूमिकेच्या दोन उणिवा आहेत. तिने व्यापार एका वर्णाचे स्वाभाविक कर्म ठरवले, त्यामुळे कुणब्याच्या, कुंभाराच्या किंवा चर्मकाराच्या घरातून उद्योजक उभा राहण्याची कल्पना तिच्या चौकटीत सहज बसत नाही. शिवाय तिने नफ्याचा दर बांधला, पण नफ्याचे प्रयोजन सांगितले नाही. शेकडा ५ नफा घेऊनही विक्री शंभरपट वाढवता येते, आणि त्या वाढीतून साठलेल्या संपत्तीचे काय करावे याचे उत्तर दराच्या नियमातून मिळत नाही.

हे उत्तर त्याच कल्याणात, सुमारे अर्धशतकानंतर, बसवण्णा आणि त्यांच्या भोवतीच्या शरणांनी शोधले. कलचुरी राजा बिज्जळ याच्या दरबारी भांडारी असलेल्या बसवण्णांनी कायक आणि दासोह या दोन संकल्पनांवर नवा आचार उभा केला. कायक म्हणजे देहाने आणि मनाने प्रामाणिकपणे केलेले, समाजाला उपयोगी पडणारे काम. ते कोणत्याही जातीने कोणतेही करावे, त्यात उच्च-नीच नाही आणि त्याखेरीज वेगळी पूजा आवश्यक नाही, अशी शरणांची धारणा होती. दासोह म्हणजे कायकातून आलेले फळ आपले न मानता समाजाच्या सेवेत समर्पित करणे; दात्याच्या अहंकाराला जागा उरू नये म्हणून ते दानापासून वेगळे ठेवले गेले. नुलिय चंदय्या हे गवताचे दोर वळून विकणारे शरण. पूजेसाठीही कामात खंड पडू देऊ नये इतकी कायकाची थोरवी त्यांच्या कथेतून सांगितली जाते.

वाढीच्या प्रश्नावर मात्र आय्दक्की मारय्या आणि लक्कम्मा या दांपत्याची कथा अधिक बोलकी आहे. सांडलेले तांदळाचे दाणे वेचून त्यावर दासोह चालवणे हे मारय्यांचे कायक होते. एके दिवशी बसवण्णांच्या अंगणात नेहमीपेक्षा जास्त तांदूळ पडलेले होते आणि ते सगळे मारय्यांनी घरी आणले; तेव्हा लक्कम्मांनी गरजेपेक्षा जास्त आणलेले दाणे परत टाकून येण्यास त्यांना सांगितले, असे परंपरा सांगते. या कथेचा अर्थ बहुधा अल्पसंतुष्टतेच्या उपदेशासारखा लावला जातो, आणि तसा लावला तर उद्योग वाढवण्यास तिच्यात थाराच उरत नाही. परंतु त्या दिवसाचा जादा तांदूळ मारय्यांच्या जादा श्रमातून आलेला नव्हता. तो कोणाच्या तरी कृपेने वाटेत पडलेला होता आणि उचलणाऱ्याने त्याला आपली कमाई समजले होते. लक्कम्मांचा आक्षेप श्रमाशिवाय वाढलेल्या वाट्यावर आणि त्यामागच्या हव्यासावर आहे, असे या कथेचे वाचन करता येते. या वाचनानुसार जो उद्योग कौशल्याने, श्रमाने आणि नव्या कल्पनेने वाढतो तो कायकाच्या कक्षेत राहतो. जो टंचाई साधून, वजनात मारून किंवा मजुरी दाबून वाढतो, त्याचा वाढावा परत करण्याजोगा ठरतो. कडोलीत दुरदुंडीश्वर विरक्त मठ आहे. विरक्त म्हणजे संग्रहापासून दूर राहिलेला यती, आणि शेती-व्यापार करणाऱ्या गृहस्थांच्या गावात अशा मठाचे असणे हे कायक आणि वैराग्य यांना एकमेकांचे शत्रू न मानणाऱ्या विचाराचे द्योतक आहे.

सीमाभागातील जैन परंपरेने याच प्रश्नाला अधिक व्यवहार्य रूप दिले. यतींसाठी अपरिग्रह, म्हणजे काहीही न बाळगणे, हे महाव्रत आहे. पण श्रावकासाठी, म्हणजे गृहस्थासाठी, त्याचे परिग्रह-परिमाण हे अणुव्रत सांगितले गेले. जमीन, घर, सोने, चांदी, धान्य, जनावरे यांपैकी आपण जास्तीत जास्त किती बाळगू याची मर्यादा गृहस्थाने आधीच ठरवावी आणि मिळकत त्यापुढे गेल्यास ती धर्मकार्याकडे वळवावी, असे या व्रताचे स्वरूप आहे. मर्यादा उत्पन्न येण्यापूर्वी ठरवायची, ही त्यातील सर्वांत मर्मग्राही गोष्ट होय, कारण पैसा हाती आल्यावर गरजांची व्याख्या आपोआप रुंदावते. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जिनालय रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, इ. स. १२०४ च्या सुमारास, त्याचा मंत्री बीचिराज याने उभारले. त्याच काळातील लेखांत वेणुग्रामातील, म्हणजे बेळगावातील, व्यापाऱ्यांनी लाट आणि मलयाळ या दूरच्या प्रदेशांतून आलेल्या व्यापाऱ्यांसह एकत्र येऊन जिनालयासाठी आपल्या मालावर कर बसवून घेतल्याची नोंद आढळते. व्यापाऱ्यांच्या समूहाने वाढाव्यातील सार्वजनिक वाटा सौदा होतानाच बाजूला काढला, ही त्यातील लक्षणीय बाब आहे; उरले तर देऊ, असा तो विचार नव्हता.

वारकरी परंपरेचा या संदर्भातील सर्वांत मोठा साक्षीदार स्वतः व्यापारी होता. तुकोबांच्या घराण्यात देहूची महाजनकी आणि वाण्याचा व्यवसाय होता; सतराव्या शतकातील भीषण दुष्काळात त्यांचा धंदा मोडला आणि घरची माणसे गेली. त्यानंतर त्यांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली, हा प्रसंग सर्वांना माहीत असतो. पण परंपरेने सांगितलेला त्याचा एक तपशील क्वचितच विचारात घेतला जातो. खतांचे दोन भाग करून एक भाग धाकटे बंधू कान्होबा यांना दिला गेला, आणि तुकोबांनी बुडवला तो केवळ आपला वाटा. वैराग्य आले म्हणून भावाच्या हक्काचा त्याग परस्पर करण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला नाही. संभूयसमुत्थानाच्या नियमाला इथे आध्यात्मिक खोली मिळते: त्याग करायचा तो स्वतःच्या हिश्शाचा, जोखीम घ्यायची तीही स्वतःच्या हिश्शाची. कुटुंबाचे शेत तारण ठेवून धंदा वाढवणाऱ्याने हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. शिवाय तुकोबांनी कमावण्याचा निषेध केलेला नाही. धन चोख व्यवहाराने मिळवावे आणि त्याच्यात मन न गुंतवता ते खर्चावे, अशीच त्यांची शिकवण आहे.

या तिन्ही परंपरांची तुलना जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये मांडलेल्या सिद्धांताशी केली असता त्यांचे वेगळेपण उठून दिसते. युरोपातील काही प्रॉटेस्टंट पंथांनी रोजच्या व्यवसायाला ईश्वराने नेमून दिलेले कार्य मानले आणि चैन निषिद्ध ठरवली. उत्पन्न वाढले पण उपभोग वाढला नाही, त्यामुळे उरलेला पैसा पुन्हा धंद्यात जात राहिला आणि या वृत्तीने आधुनिक भांडवलशाहीला बळ दिले, असे वेबर यांचे प्रतिपादन होते. पुढे धार्मिक प्रेरणा ओसरली आणि वाढ हेच साध्य होऊन बसले, हेही त्यांनीच नोंदवले. कायक-दासोहाच्या विचारातही श्रम पवित्र आणि चैन वर्ज्य आहे, पण वाढाव्याची दिशा तिथे समाजाकडे वळवलेली आहे. त्यातून एक अडचणही उद्भवते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही: सगळा वाढावा रोजच्या रोज वाटून टाकला तर यंत्र घेण्यास, पडत्या काळासाठी राखण्यास किंवा नव्या माणसाला काम देण्यास भांडवल कुठून येणार? दासोहाचा अर्थ केवळ अन्नदान असा घेतला तर या अडचणीला उत्तर नाही. पण ज्यातून दुसऱ्याच्या कायकाला जागा मिळते अशी गुंतवणूक हाही दासोहाचाच प्रकार मानला, तर उद्योगाची वाढ आणि स्वतःच्या संग्रहाची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

असे एकत्र नांदणे कसे असते याचे या भूमीतील ठळक उदाहरण म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, रंग ओळखण्यातील दोषामुळे ती वाट सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि काही काळ व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते. १८८८ पासून बंधू रामुअण्णा यांच्यासह बेळगावात त्यांनी सायकलींचा धंदा सुरू केला, त्यानंतर कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर बनवला. नांगर विकला जाईना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती; पहिले मोजके नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. ही समजूत निव्वळ अडाणीपणा म्हणून बाजूला सारता येत नाही. भूमीला माता मानणाऱ्या माणसाच्या मनातील ती शंका होती, आणि तिचे निरसन जाहिरातीने होण्यासारखे नव्हते. नांगरटीचे आणि पिकाचे प्रत्यक्ष परिणाम दिसेपर्यंत थांबणे भाग होते. ग्राहकाच्या श्रद्धेला न हिणवता आणि तिच्यापुढे शरणही न जाता पुरावा देत राहणे, हा उद्योजकाच्या सत्यनिष्ठेचा भाग त्यातून स्पष्ट होतो.

पुढे बेळगाव नगरपालिकेला वसाहतीसाठी जागा हवी असल्याने कारखाना हलवणे भाग पडले, आणि औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने १९१० मध्ये कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. कर्मकांडापासून दूर असलेल्या लक्ष्मणरावांनी त्या वसाहतीत अस्पृश्यता पाळू दिली नाही आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही विश्वासाची कामे सोपवली. त्यांनी हे कोणत्याही मठाच्या किंवा पंथाच्या आदेशाने केले नाही. तरीही वाढीव उद्योगाने माणसाला प्रतिष्ठित कायक मिळवून द्यावे, ही शरणांची अपेक्षा तिथे बऱ्याच अंशी पूर्ण झाली. धार्मिक विचाराची कसोटी आचारात लागते, श्रद्धेच्या घोषणेत नाही, हे या उदाहरणाने दाखवून दिले.

तथापि मालकाच्या सद्गुणांवर सगळी भिस्त ठेवणारा विचार अपुरा असतो, याची साक्ष बेळगाव जिल्ह्यातील निपाणी देते. निपाणीची भरभराट तंबाखूच्या व्यापारावर आणि विडीच्या धंद्यावर झाली. व्यापाऱ्यांच्या वखारी वाढल्या, पण पिकवणारा शेतकरी दराच्या बाबतीत आणि विड्या वळणारी स्त्री मजुरीच्या बाबतीत परावलंबी राहिली. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८१ मध्ये तंबाखू उत्पादकांनी महामार्ग अडवून मोठे आंदोलन केले. ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. वाढावा ज्यांच्या श्रमातून निघतो त्यांना त्यावर बोलण्याचा अधिकार नसेल, तर व्यापाऱ्याने केलेले अन्नदान किंवा बांधलेले देवालय त्या अन्यायाची भरपाई करू शकत नाही. निपाणी आणखी एक प्रश्न उभा करते, तो मालाच्या स्वरूपाचा. बौद्ध उपदेशात उपासकाला शस्त्रे, प्राणी, मांस, मादक पदार्थ आणि विष यांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे, तर जैन श्रावकाचाराच्या ग्रंथांत हिंसेला कारण होणाऱ्या १५ व्यवसायांची, म्हणजे कर्मादानांची, यादी आढळते. तंबाखूचा धंदा या कसोटीवर अवघड ठरतो; पण ज्या कोरडवाहू शेतकऱ्यापुढे दुसरे नगदी पीक नाही किंवा ज्या बाईला घरी बसून दुसरे काम मिळत नाही, त्यांच्यावर या दोषाचे ओझे टाकणे न्यायाचे होणार नाही. ज्याच्यापुढे पर्याय अधिक त्याची जबाबदारी अधिक, असेच तारतम्य इथे लावावे लागते.

निष्काम कर्माच्या सिद्धांताचाही या चर्चेत अनेकदा चुकीचा उपयोग केला जातो. फळाची आशा धरू नये, म्हणून जमाखर्च पाहू नये किंवा तोट्याचा विचार करू नये, असा त्याचा अर्थ काढणे सोपे असते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मयोगाचा संबंध लोकसंग्रहाशी, म्हणजे समाजाची घडी टिकवून तिला पुढे नेण्याशी, जोडला. फलाशा सोडायची म्हणजे फळाविषयी निष्काळजी व्हायचे नाही, हे त्यातून उघड होते. दुसऱ्याच्या तारणावर धंदा करणाऱ्याने काटेकोर हिशेब ठेवणे हाच त्याचा निष्काम आचार होय, कारण हिशेबाची टाळाटाळ बहुधा स्वतःच्या आशेला जपण्यासाठीच केलेली असते. तोटा वेळीच कबूल करून धंदा आवरता घेणे हेही कर्मयोगात बसते. १९२४ च्या डिसेंबरमध्ये बेळगाव येथे काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या गांधीजींनी मांडलेला विश्वस्ततेचा विचार, म्हणजे धनिकाने आपल्या संपत्तीचा मालक न राहता समाजाच्या वतीने तिचा सांभाळ करावा हा विचार, लहान उद्योगाला तर अक्षरशः लागू पडतो. कडोलीतील गिरणीवाला किंवा दूधव्यावसायिक ज्या भांडवलावर उभा असतो ते मुळातच बऱ्याच जणांचे असते.

म्हणूनच सहकाराकडे केवळ कर्जपुरवठ्याची सोय म्हणून पाहणे अपुरे ठरते. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर १९०५ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातील गदगजवळच्या कणगिनहाळ येथे भारतातील आद्य सहकारी पतसंस्थांपैकी एक स्थापन झाली. सावकाराच्या खतातील देणेकरी तिथे सभासद झाला, आणि व्याजातून उरणाऱ्या वाढाव्याचे काय करायचे हे सर्वसाधारण सभेत ठरू लागले. जे तुकोबांनी व्यक्तिगत त्यागाने केले आणि वेणुग्रामच्या व्यापाऱ्यांनी समूहाच्या करारातून केले, त्याला इथे कायद्याचे आणि मतदानाचे रूप आले. अर्थात पतसंस्थाही बुडतात, त्यांचे संचालकही लोभी होऊ शकतात. पण प्रश्न विचारण्याची जागा तिथे नियमानेच राखलेली असते, आणि निपाणीच्या अनुभवानंतर या जागेचे मोल कमी लेखता येत नाही.

या सर्व विवेचनातून वाढीच्या इच्छेला लोभ म्हणावे की पुरुषार्थ, याचा निर्णय इच्छेच्या बळावरून करता येत नाही, असे दिसते. उद्योग कितीही वाढला तरी मालकाने स्वतःसाठी घ्यायचा वाटा आधी ठरलेला असणे, जोखीम ज्यांच्यावर पडणार त्यांची संमती घेतलेली असणे, वाढावा श्रमातून व कल्पकतेतून आलेला असणे आणि श्रम करणाऱ्यांना त्याचा जाब विचारता येणे, या चार अटी पाळल्या जात असतील तर वाढ धर्माला धरून आहे. त्यांतील एक जरी सुटली तरी लहानातला लहान धंदाही लोभाचा होऊ शकतो. आकाराने लहान असणे हा सद्गुण नव्हे आणि मोठे होणे हा दोष नव्हे. कडोलीच्या शेतकऱ्याने दुसरे दुकान काढावे की नाही, याचे उत्तर पहिल्या दुकानाच्या वहीत वाढावा कोणाच्या नावे मांडला आहे यावरून द्यावे लागेल.